बावीस मंगळवार

"माझ्या जावेला तुम्ही माणसात आणलंत हो," असं म्हणत त्या बाई माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या, आणि खोटं कशाला बोलू, मला मनातून गुदगुल्या झाल्या.

त्या स्वतःसाठी वेळ ठरवायला आल्या होत्या. झोप लागत नाही, एवढीच तक्रार. त्यांची धाकटी जाऊ म्हणजे आमच्या शिवणवाल्या ताई. कोण येतं आणि कशासाठी येतं, यावर आम्ही समुपदेशक मंडळी हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही. मी नुसती हसले.

"नाहीतर काय," त्या पुढे म्हणाल्या, "बाळ गेल्यापासून तोंडातून शब्द निघत नव्हता तिच्या."

मी हसतच होते. चेहऱ्याला अजून कळलं नव्हतं.

"कोणाचं बाळ?"

"तिचंच की! पूर्ण दिवसांचं. जन्मलं ते रडलंच नाही. दोन दिवस काचेच्या पेटीत होतं, तिसऱ्या दिवशी गेलं. तुमच्याकडे यायला लागली त्याच्या दोन महिने आधी." मग माझ्या तोंडाकडे बघून त्या थबकल्या. "अगबाई, तुम्हाला ठाऊक नव्हतं? मग एवढे दिवस तुम्ही दोघी बोलत काय होता?"

गणवेशांबद्दल बोलत होतो. पडद्यांबद्दल, उशांच्या अभ्र्यांबद्दल. ताई घरी मशीन चालवतात. कात्री हातात घेतली की हात थरथरतो, शाळेचे दोन गणवेश वाकडे कापले गेले, म्हणून आल्या होत्या. मी त्यांना श्वास लांबवायला शिकवलं, आधी चिंध्या कापा म्हटलं, मग रुमाल, मग अभ्रे. हात हळूहळू स्थिर झाला. बावीस मंगळवार. चौदा माझ्या बाळंतपणाच्या रजेआधी, आठ नंतर.

"मी सांगितलं म्हणू नका हं," जाऊबाई दाराशी जाऊन म्हणाल्या.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्या गेल्या, दार लागलं आणि मला पान्हा फुटला. माझं बाळ तिकडे माझ्या आईच्या घरी शांत झोपलेलं, त्याच्या दुधाची वेळही झालेली नव्हती. पण कुर्ता पुढून ओला होत गेला आणि मी वेड्यासारखी बघत राहिले.

रजेवरून परतले त्या पहिल्या मंगळवारी ताईंनी एकच प्रश्न विचारला होता. "मोठ्यानं रडलं का हो, झाल्या झाल्या?"

"अहो, दवाखाना डोक्यावर घेतला!" मी म्हणाले होते. हसत.

त्यांनी डोळे मिटले होते आणि म्हणाल्या होत्या, "छान." मला वाटलं, किती मायाळू बाई.

मी उठून शेजारच्या खोलीत गेले. तिथे आमच्या मोठ्या बाई बसतात. तीस वर्षं याच कामात, आमच्या सगळ्यांच्या गुरू, आणि जीभ अशी की पापड भाजावा. त्या फाइल वाचत होत्या. माझा अवतार बघून त्यांनी खुर्चीवरचा स्वेटर उचलून माझ्या अंगावर फेकला. "घाल. आणि बोल."

मी सांगितलं. त्यांनी हातातली फाइल मिटून बाजूला ठेवली.

"फॉर्म?" त्या म्हणाल्या.

दर भेटीनंतर आलेला माणूस एक फॉर्म भरतो. आज तुमचं ऐकून घेतलं असं वाटलं का, जे बोलायचं होतं ते बोलता आलं का, असे चार प्रश्न. प्रत्येकाला दहापैकी गुण. उपचार कुठला का असेना, माणसाचं आणि समुपदेशकाचं जमलं तरच तो लागू पडतो, म्हणून हा खटाटोप. ताईंचे गुण मला पाठ होते.

"दहा, दहा, दहा, दहा," मी म्हणाले. "बावीसही वेळा."

"आणि तुला एकदाही शंका आली नाही? स्वतःच्या नवऱ्याला देशील का गं तू ओळीनं बावीस वेळा दहा?"

"तुम्हीच तर म्हणालात, शुक्रवारी सगळ्यांसमोर मांड. यशस्वी केस म्हणून."

"म्हणाले." त्यांनी चष्मा काढला. "मीही भाळलेच. सगळ्यांना आवडतात दहा. आज शेवटची भेट ना तिची?"

"चार वाजता."

"काय करणार आहेस?"

"जाऊबाईंनी सांगितलं हे लपवू का?"

"लपवालपवी एकीची झाली तेवढी पुरे झाली," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण एक ऐक. ती उठून गेली तर जाऊ दे. दार अडवून कोणी बरं होत नाही."

चारला पाच मिनिटं कमी असतानाच ताई आल्या. नीट विंचरलेल्या, पिशवी मांडीवर. "शेवटचा दिवस ना मॅडम? लवकर उरकू, तुम्हालाही घरी जायची ओढ असेल."

काय बोलायचं ते मी तीनदा मनाशी घोकलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

"ताई, दुपारी तुमच्या जाऊबाई आल्या होत्या. त्यांच्या कामासाठी. बोलता बोलता त्यांनी तुमच्या बाळाचं सांगितलं."

पिशवीचे बंद त्यांनी मुठीत धरले. बाहेर कुणीतरी जिना चढत होतं. त्याची सगळी पावलं ऐकू आली.

"तिच्या जिभेला हाड म्हणून नाही," त्या म्हणाल्या.

"मला का नाही सांगितलंत?" हा प्रश्न विचारायचा नव्हता. तो माझ्या सोयीचा होता, त्यांच्या नव्हे. पण निसटला.

"कशी सांगणार? पहिल्या दिवशी दार उघडलं तर समोर तुम्ही. चौथा महिना. सैल कपडे घातले होतेत, पण मी शिवणारी बाई, कापड कुठे ताणलंय ते मला दिसतं. पोटात लेकरू असलेल्या बाईपुढे मी ही गोष्ट काढू?"

"मग परत का आलात? दुसरं कोणी चाललं असतं की."

"नव्हतेच येणार." त्या खाली बघत होत्या. "मग म्हटलं, हिचं तरी नीट होतंय का बघावं. दर मंगळवारी बघायचे. पाय सुजलेत का, चेहरा उतरलाय का. तुम्ही श्वास मोजा म्हणायचात ना? मी तुमचेच मोजायचे. तुमचं सुखरूप झालं की मी सुटले, असं धरून बसले होते."

या खुर्चीत बसून मी त्यांच्या नोंदी करत होते, आणि समोरची बाई माझा एकेक महिना पार पाडत होती.

"आणि ते दहा?"

"कमी दिले असते तर तुम्ही मनाला लावून घेतलं असतंत. त्या दिवसांत बरं नसतं ते." मग माझी समजूत काढल्यासारखं म्हणाल्या, "पण हाताची थरथर मात्र खरंच थांबली हं. तेवढं खोटं नाही."

"ताई, माझं सुखरूप झालं. तुम्ही सुटलात का?"

त्या उठल्या. पिशवी काखेला मारली, दारापर्यंत गेल्या. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. त्या गेल्या असत्या तर आमच्या कागदांवर बऱ्या होऊन गेल्या असत्या.

"नाही," त्या दाराला म्हणाल्या.

"पलीकडे मोठ्या बाई आहेत. त्यांची मुलं मोठी झालीत. त्यांच्याकडे बसायचं असेल तर मी आत्ता सांगते, मला अजिबात वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल. पण ते असू दे."

"त्यांना पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायचं?"

"पहिल्यापासून तुम्ही अजून कोणालाच सांगितलेलं नाही."

त्यांच्या नाकातून एक छोटंसं हसू निघालं. "तेही खरंच." मग वळून त्यांनी मला नीट न्याहाळलं, दर मंगळवारी न्याहाळत असतील तसं. "तुम्हाला झेपेल?"

"माहीत नाही. घरी जाऊन बाळाला जवळ घेईन तेव्हा आठवेल, आणि रडेनही. ते माझं मी बघेन. आता तुम्ही मला सांभाळायचं नाही."

त्या परत येऊन बसल्या. पिशवी खाली जमिनीवर ठेवली, आणि रिकाम्या मांडीवर हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

"मुलगी होती," त्या म्हणाल्या. "कुणी विचारत नाही, मुलगा की मुलगी. मुलगी. आणि केस तर इतके, काळेभोर, पार कपाळावर आलेले. ती नर्स म्हणाली मला, अहो, हिला तर घरी नेईस्तोवर वेणी घालावी लागेल."