उंटाची गोष्ट सांगणारी फीत

मित्रांनो, मी रेडिओ केंद्रातली एक जुनी ध्वनिफीत आहे. तपकिरी, चक्रीवर गुंडाळलेली. माझ्या पोटात एक आवाज आहे. तो आहे गोष्टीवाल्या बाईंचा.

बाई मुलांसाठी गोष्टी सांगायच्या. उंटाच्या गोष्टीच्या वेळी काचेपलीकडचे ध्वनिमुद्रक हसून बेजार झाले. "बाई, जरा दमानं! हसून हसून माझा हात हलतोय," ते म्हणाले. ती गोष्ट मी जपून ठेवली. मुलांची फर्माईश आली की मला वाजवायचे. पुढे नवे कार्यक्रम आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. नंतर माझा आवाज संगणकात उतरवला, पण तिथेही कुलूपच!

दरम्यान बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तो आवाज निदान फितीवरून तरी मिळावा म्हणून त्यांच्या मुलाने केंद्रात किती खेटे घातले! "बाहेर काही देता येत नाही हो," एवढंच उत्तर मिळालं. मी हळहळले, पण करणार काय?

मग नव्या संचालकबाई आल्या. लोकांच्या पैशातून झालेला ठेवा लोकांना खुला करायचा, बाहेरच्या प्रोग्रामरनी त्यातून हवं ते बनवावं, असं त्यांनी ठरवलं. जुनी मंडळी कुरकुरली, "परके येऊन वाटोळं करतील."

"कपाटात ठेवून तरी काय भलं झालं?" संचालकबाई म्हणाल्या.

बाईंची सून प्रोग्रामर होती. सासूबाईंचा आवाज तिने कधीच ऐकला नव्हता. फितींवर सांगणाऱ्याचं नाव नसे, म्हणून तिने सगळ्याच गोष्टी घेऊन मोबाइलसाठी एक ॲप केलं. प्राण्याचं नाव घ्या, गोष्ट ऐका!

"उंट!" तिची लेक ओरडली आणि मी त्या घरात बोलू लागले.

आजी स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. त्या तशाच बाहेर आल्या.

"आजी, ही बाई काय मस्त सांगते गं!"

आजींनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"आई, तुम्ही?" सून जागीच उभी राहिली. एक बूट पायात, एक हातात, असा मुलगा दारातून धावत आला. "आईच! आईचाच आवाज!" सुनेने सासूबाईंचा हात धरला, तो गोष्ट संपेपर्यंत सोडला नाही.

संगणकात उतरवण्याआधीच मी एके ठिकाणी चुरगळले होते. कोल्हा उंटाला "वाकड्या" म्हणतो, पण उंटाचं उत्तर ऐकूच येत नाही. तिथे आजींनी मान लांब केली, ओठ लोंबवले आणि तिरप्या नजरेने नातीकडे पाहिलं. नात खदखदून हसली आणि म्हणाली, "मी वाकडा नाही, तूच तिरका उभा आहेस!"

मूळ वाक्य निराळं होतं. पण खरं सांगते, नातीचंच सरस आहे.

म्हणून मित्रांनो, जुनं जपा, पण कुलूप लावून नव्हे. दुसऱ्याच्या हाती द्या. तो त्यात आपलंही काहीतरी घालेल.