दोन डाव्या बाह्या

मास्तरांना कॉफीवरून कुणी बोललेलं खपत नसे. खाली शिवणकामाचं दुकान, वर घर, आणि मधल्या जिन्यावरून दिवसभर चढउतार करणारा कॉफीचा कप, असा त्या घराचा संसार होता. सासूबाई होत्या तोवर कप त्या न्यायच्या. त्या गेल्यावर हे खातं सुनेकडे आलं. काळीभोर, घट्ट कॉफी, त्यात एक चमचा साखर. उठल्या उठल्या एक, कात्री हातात धरण्याआधी एक, गिऱ्हाइकाचं माप घेतल्यावर एक, आणि गिऱ्हाईक कटकट करून गेलं तर त्याच्या नावाने आणखी एक.

मग मास्तरांची छाती धडधडायला लागली. डॉक्टरांनी तपासून हृदय शाबूत असल्याचं सांगितलं, पण कॉफी सोडा म्हणाले. मास्तर सदऱ्याची बटणं लावत म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या कमरेचं माप माझ्याकडे आहे. दर वर्षी वाढतंय. आधी तुम्ही गोड सोडा, मग मी कॉफीचं बघतो." डॉक्टर हसले. निघताना त्यांनी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, "हळूहळू कमी करा. एकदम तोडू नका."

सुनेने मान डोलावली. पण मास्तरांचं काहीही हळूहळू कमी करायचं म्हणजे रोज उठून नवं भांडण, आणि भांडणाचा तिला भारी कंटाळा. तिने सोपी वाट काढली. कॅफीन काढून टाकलेल्या कॉफीचं पाकीट आणलं, डब्यातली खरी कॉफी पिशवीत बांधून कपाटामागे ढकलली आणि डबा नव्या कॉफीने भरला. रंग तोच, वासही जवळपास तोच. मास्तरांनी पहिला घोट घेतला, "आज जरा पातळ झालीये," म्हणाले आणि दुसरा घोट घेतला. तिने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

दुसऱ्याच दिवशी मास्तरांचं डोकं दुखायला लागलं. कपाळाला ओला पंचा बांधून ते मशीनवर बसले आणि बसल्या जागी पेंगले. मास्तर आणि दुपारी पेंगणार! सुनेने फोनवर शोधलं तेव्हा सगळं समोर आलं: कॉफी एकदम तुटली की डोकं दुखतं, झोप येते, कशात लक्ष लागत नाही, काही दिवसांत आपोआप थांबतं. चला, काही दिवसांचाच प्रश्न आहे, असं म्हणून तिने फोन बाजूला ठेवला. एवढ्यात सांगितलं तर आरडाओरडा होईल, बरं झाल्यावर सांगितलं तर सगळे हसतील, असा तिचा हिशेब होता.

तो हिशेब वकीलसाहेबांच्या कोटाने चुकवला. कापड त्यांनी स्वतः आणलेलं, पुन्हा न मिळणारं. मास्तरांनी ते एकेरी पसरलं, खडूने आखलं, एक बाही कापली. दुसरी कापताना कागदाचा नमुना उलटा करायचा असतो, तो केलाच नाही. शिकाऊ पोरालाही पहिल्या आठवड्यात कळतं ते मास्तर विसरले. सून कप घेऊन खाली आली तेव्हा टेबलावर दोन डाव्या बाह्या शेजारी शेजारी पडल्या होत्या आणि मास्तर त्यांच्याकडे बघत उभे होते.

"बाबा, राहू दे," तिचा नवरा म्हणाला. "साहेबांना बिनबाह्यांचं जाकीट करून देऊ. मी बोलतो त्यांच्याशी."

चाळिशीला टेकलेला हा माणूस त्या दुकानात काज करायचा, बटणं लावायचा, अस्तर जोडायचा, इस्त्री फिरवायचा. मास्तर त्याच्या हातात कात्री देत, ती फक्त दोरे तोडायची. कापायचं मास्तरांनीच. गिऱ्हाइकं त्याला गमतीने 'धाकटे मास्तर' म्हणत, आणि तो हसून खाली बघे.

मास्तर बाकावर बसले. "दादाचं असंच सुरू झालं होतं," ते म्हणाले. त्यांचा थोरला भाऊ आधी चाव्या विसरायला लागला, मग घराची वाट, शेवटी मुलांची नावं. "माझं डोकं चाललंय रे. लोकांचं कापड नासायच्या आधी थांबलेलं बरं." त्यांनी मोठी कात्री उचलली आणि मुलाच्या हातात दिली. "आजपासून तू कापायचं."

हातात कप धरून सून दारात उभी होती. आत्ता बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं की बाबा, तुमचं डोकं ठीक आहे, कॉफी खोटी आहे. तोंड उघडलंही होतं तिने. पण तेवढ्यात तिची नजर नवऱ्याकडे गेली. तो कात्रीकडे बघत होता, आणि त्याचा वाकलेला पाठीचा कणा तिच्या डोळ्यांदेखत सरळ होत होता. तिने तोंड मिटलं. कप टेबलावर ठेवला आणि जिना चढून वर गेली.

वर जाऊन तिने भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. कॉफी बदलली ती काळजीपोटी, असं ती कुणालाही छातीठोकपणे सांगू शकली असती. पण आता मूग गिळून बसली होती ती कशापोटी? त्याचं उत्तर तिला ठाऊक होतं आणि ते तिला आतून खात होतं. जेवताना नवरा "बाबांना असं बघवत नाही गं," म्हणाला आणि त्याच दमात उद्या कुठला कोट कापायला घ्यायचा ते सांगायला लागला. त्याला आनंद लपवता येत नव्हता. तिला त्याचं कौतुकही वाटलं आणि स्वतःची शिसारीही आली.

काही दिवसांनी, फोनवर लिहिल्याप्रमाणे, मास्तरांचं डोकं दुखायचं थांबलं. छातीची धडधडही गेली. झोप गाढ लागू लागली. बघणाऱ्याने म्हणावं, वा, तब्येत काय सुधारलीये! पण मास्तर कापायच्या टेबलाजवळ फिरकले नाहीत. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या खुर्चीत, खिडकीपाशी, बटणं लावत बसायचे. दोरा हवा असला तर मुलाला विचारून घ्यायचे. ज्याचं दुकान त्याने विचारून दोरा घ्यावा, हे बघून सुनेच्या काळजात चर्र व्हायचं, आणि चर्र झालं की ती आणखी एक कप खोटी कॉफी करून न्यायची. दुसरं काय करावं ते तिला सुचत नव्हतं.

नवरा मात्र झकास कापत होता. साहेबांचं जाकीटही त्याने असं बसवलं की ते आरशासमोरून हलेनात.

एका दुपारी नवरा टेबलावर वाकून कापत होता. सून कप घेऊन खिडकीपाशी आली, तर मास्तर डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. जवळ गेल्यावर तिला ऐकू आलं. "स्टेशनमास्तर, छाती बेचाळीस, डावा खांदा उतरता. बँकेतला, छाती अडतीस, बाही आखूड..." जुन्या गिऱ्हाइकांची मापं. स्वतःचीच परीक्षा घेत होते ते.

तिची चाहूल लागताच त्यांनी डोळे उघडले, जरा ओशाळले. "बस गं पोरी," ते हळू आवाजात म्हणाले. "एक विचारतो. मी बोलताना काही चुकतो का? तेच तेच बोलतो का? तो नाही सांगायचा मला, त्याचा जीव आहे माझ्यावर. तू सांगशील. तू माझ्याशी कधी लपवाछपवी केली नाहीस."

तिने कप खाली ठेवला आणि दबक्या आवाजात सगळं सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले ते, डब्यात काय आहे ते, डोकं का दुखलं, बाही का चुकली ते. "तुम्हाला काही झालेलं नाही, बाबा. सगळं माझ्यामुळे झालं."

मास्तरांच्या चेहऱ्यावरून इतकं मोठं ओझं उतरलं की डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे दादासारखं नाही?" त्यांनी विचारलं. "नक्की?"

"नक्की."

ते हसले, अगदी लहान मुलासारखे. "अगं, मग आधी बोलायचं ना!" आणि बोलता बोलताच त्यांचं हसू थांबलं. "तुला कधी कळलं हे?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. "बाह्या चुकल्या तेव्हा मला माहीत होतं."

"तू दारात उभी होतीस."

"हो."

"आणि गप्प राहिलीस."

"त्याला कात्री मिळाली होती, बाबा."

मास्तरांनी टेबलाकडे पाहिलं. मुलगा कापड पसरून आपल्याच तंद्रीत खडूने आखत होता. कात्री कापडातून चालायला लागली तसे मास्तर ऐकत राहिले. त्या आवाजावरून त्यांना कापणाऱ्याचा हात कळायचा.

"त्याला यातलं काही सांगू नकोस," ते म्हणाले. "कळलं तर तो कात्री परत आणून देईल. आणि मी घेईन. नको म्हणण्याएवढा मोठा माणूस मी नाही."

"बाबा, मी..."

"कॉफीचं सोड. कॉफी तू माझ्या भल्यासाठी बदललीस." पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही. तिने आणलेला कप त्यांनी उचलला, दुकानामागच्या मोरीपाशी गेले, त्यातली कॉफी ओतली आणि कप स्वतः विसळला. "उद्यापासून माझं मी करून घेत जाईन."

सकाळी ती उठली तेव्हा स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. मास्तर ओट्यापाशी उभे होते. बाजूला त्यांनी स्वतः आणलेलं कॉफीचं लहानसं पाकीट होतं, आदल्या संध्याकाळी डॉक्टरांना विचारून आणलेलं. दिवसाला एकच कप, असं ठरवून आले होते. पाणी उकळलं होतं. जन्मात कधी त्या ओट्याला हात न लावलेला माणूस, साखर कुठे असते ते त्यांना माहीत नव्हतं.

"बाबा, साखर त्या..." ती दारातून म्हणाली.

"सापडेल," ते म्हणाले.

मांडणीवरच्या सगळ्या डब्यांवर सुनेच्या हातच्या चिठ्ठ्या होत्या; साखरेच्या डब्यावर ठळक अक्षरात 'साखर' असं लिहिलेलं होतं. मास्तरांनी ते वाचलं. मग झाकण उघडलं, चिमूटभर दाणे जिभेवर ठेवून चव घेतली, आणि खात्री झाल्यावरच चमचा आत घातला.