गोदामाची कडी

मी एक जुनी लोखंडी कडी आहे. मित्रांनो, इतर वस्तू आपली कहाणी कशा ताठ मानेने सांगतात! माझी मान काही वर होत नाही.

गावच्या लोहाराने मला धान्याच्या गोदामाच्या दारावर बाहेरून बसवले. खिळे आरपार ठोकायचे आणि आत निघालेली टोके वाकवायची, ही त्याची पद्धत. "आतून धान्याचा कितीही रेटा येऊ दे, ही हलायची नाही!" तो ज्याला त्याला सांगे. त्याची मुलगी चिडवायची, "बाबा, आता तिलाच जेवायला वाढा!" मी आपली फुशारून जाई.

मग युद्ध आले. लोहार मुलीला घेऊन परगावी गेला होता. नावे लिहायची आहेत असे सांगून सैनिकांनी म्हातारेकोतारे, बाया, तान्ही मुले गोदामात घातली. मला लावले आणि छपराला आग दिली. आतून रेटा आला. मित्रांनो, मी हलले नाही. जन्मात एकदाच तुटायचे होते, तेवढेही मला जमले नाही.

आत लोहाराची बायकोही होती. त्याने मला दाराच्या दोन्ही फळ्यांसकट कापून काढले आणि पेटीत ठेवले. पुन्हा त्याने एकही कडी घडवली नाही.

यंदा तिथे स्मारकाचा दगड बसणार आहे. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "अपघाती आग, असं कोरू. घाबरून लोकांनीच आतून कडी लावून घेतली. कशाला उगाच खपल्या काढायच्या?"

लोहाराच्या मुलीने, आता तीही म्हातारी झाली आहे, मला टेबलावर ठेवले. "साहेब, खिळ्यांची टोकं आतल्या बाजूला. कोळसा झालाय तो त्याच बाजूचा. कडी बाहेरून होती, आणि बघा, अजून लागलेलीच आहे. माझी आई आत होती हो!"

अध्यक्षांनी घाम पुसला. "बरं, विचार करू. तोवर हिला जरा तेलपाणी करून, मोकळी करून..."

"हात लावायचा नाही!" ती ओरडली.

दगडावर काय कोरायचे ते अजून ठरलेले नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडे तेल मागतात, निगा मागतात. माझे मागणे उलटे आहे. मला तेल घालू नका. आज मी सरकले, तर उद्या कुणीतरी म्हणेल, तेव्हाही सरकली असती. मी तेव्हा उघडले नाही. आता मला उघडू नका.