ठकूबाईचा आवाज

माझी बायको चंद्राबाई वारली आणि दोन वर्षांनी टीव्हीवर आली. लोक पोट धरधरून हसले.

यात चूक कोणाची असेल तर माझीच. मी महाडला पंचायत समितीत कारकून. दुसऱ्यांनी लिहिलेल्या पत्रांवर जावक नंबर घालायचे, हेच जन्मभर केलं. चंद्रा पोलादपूरच्या वरच्या अंगाची, आंबेनळी घाटाच्या पायथ्याची. तोंडाने फटकळ. ती गेली आणि घर इतकं गप्प झालं, की चहा झाल्यावरही मी स्टोव्ह तसाच चालू ठेवायचो. तेवढाच आवाज. मग धास्ती बसली, की तिचं बोलणं आपण विसरून जाणार. म्हणून आठवेल ते वहीत जसंच्या तसं उतरवून काढलं.

एस.टी.त जागा मिळाली नाही तेव्हा कंडक्टरला म्हणाली होती, "ओ मास्तर, मी एका पायावर उभी हाय, अर्धंच तिकीट फाडा." बाजारात म्हातारीला, "गो बाय, ह्यो सुका बोंबील हाय का छत्रीची काडी?" आणि माझ्याबद्दल, मी समोर पेपर वाचत बसलेला असताना, "ह्या मानसाच्या घराला आग लागली तरी इचारंल, कुठल्या पानावर छापलीय?"

शेजारचा येसाजी औद्योगिक वसाहतीत फिटर. आळीतला पहिला टीव्ही त्याचा. दर शुक्रवारी संध्याकाळी 'घटकाभर' नावाचा विनोदी कार्यक्रम लागायचा. एखादं गाणं, कुणाची तरी नक्कल, तीन-चार छोटी प्रहसनं. प्रेक्षकांकडूनही प्रहसनं मागवायचे. येसाजीने माझी वही हसत हसत वाचली आणि मिटून माझ्या हातात दिली.

"श्रीपतराव, ह्ये धाडा मुंबईला. वयनी पुन्ना बोलाय लागतील."

या एका वाक्याच्या लोभाने मी धाडलं. नाव तेवढं बदलून ठकूबाई केलं.

पडद्यावरच्या मुंग्यांतून ठकूबाई पहिल्यांदा दिसली, तेव्हा येसाजीच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बाई चांगली नटी होती. आवाज चिरका, कमरेवर हात, आणि दर वाक्याआधी लांबलचक "गोऽऽ बाऽऽय". बोंबलाच्या वाक्याला घर दणाणलं. ठकूबाईचा नवरा म्हणून एक ढेरपोट्या पेपर धरून बसवला होता. त्याला एकही वाक्य नव्हतं. ते मात्र अगदी खरं होतं.

हसलो नाही तो मी एकटाच. मनात म्हणत होतो, अशी नव्हे. चंद्राचा आवाज खर्जातला, जरा बसलेला. वाक्य पुरं व्हायच्या आत तिलाच हसू फुटायचं. कमरेवर हात तिने कधी ठेवला नाही, हात कायम कामात असायचे.

निर्मात्यांचं कार्ड आलं: ठकूबाई लोकांना फार आवडली, आणखी पाठवा. मी पाठवत गेलो. नवव्या प्रहसनाला वही संपली. नवं लिहायला बसलो, ठकूबाईला दवाखान्यात नेली, जत्रेत नेली. तोंड उघडेना. मला सुचत नव्हतं कधीच, मला फक्त आठवत होतं. शेवटी कळवलं, संपलं, आता बंद करा. उत्तर आलं, काळजी करू नका, पुढचं आमची माणसं लिहितील.

त्यांनी लिहिलं. ठकूबाई विमानात बसली, इंग्रजी शिकली, नवऱ्याला लाटण्याने मारू लागली. चंद्राने कधी कुत्र्यालाही दगड मारला नव्हता. आमच्या ऑफिसात साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे "गोऽऽ बाऽऽय" करून फायली मागायचे.

एका संध्याकाळी भात टाकताना मी तिचं ते बोंबलाचं वाक्य मनात आणलं. चिरक्या आवाजात ऐकू आलं. पुन्हा आठवून पाहिलं, तरी तसंच. आगीचं वाक्य, तिकिटाचं वाक्य, सगळी त्या बाईची झाली होती. मी तिची ट्रंक उघडली. फोटो होता, लुगडी होती, आवाज कुठेच ठेवला नव्हता. इतकं एकटं मला ती गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

येसाजीकडे जाणं बंद केलं. आता एकच आशा उरली होती. चंद्राची धाकटी बहीण बनुबाई. दोघींचा आवाज इतका सारखा, की दाराआडून बोलल्या तर मी हमखास फसायचो. चंद्राच्या तिसऱ्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला ती वाडीवरून येणार होती. मी दिवस मोजत राहिलो.

बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. बनू भांडी आवरत होती.

"बनू," मी म्हणालो, "जरा बस. एकदा बोलून दाखव ना. ताई बोलायची तसं. ते बोंबलाचं."

ती हातातलं पातेलं खाली ठेवून बसली. "भावजी, आमच्या ग्रामपंचायतीत आता टीवी हाय. म्या समद्या वाडीला सांगितलंय, ती ठकूबाय म्हंजी आमची ताई हाय म्हनून. एक शुक्रवार चुकवत नाय मी."

मग ती उठली. पदर खोचला, हात कमरेवर ठेवला, मान वाकडी केली, आणि स्वतःचा खर्जातला आवाज उंच चढवून म्हणाली, "गोऽऽ बाऽऽय, ह्यो सुका बोंबील हाय का छत्रीची काडी?"

तिचे डोळे पाण्याने डबडबले होते.

"अश्शीच बोलायची ना ताई, भावजी?"

"हो," मी म्हणालो. "अशीच."