तिसऱ्या जागेचे आकडे

नळीमावशींनी अहवालाची पुस्तिका उघडली ती मागच्या पानापासून. आभारांच्या यादीत तुमचं नाव असेल, असं सरांनी फोनवर सांगितलं होतं. आणि होतंच. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत. शेजारी बसलेल्या थोरल्या जाऊबाईंनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि मावशींना कोपरानं ढोसलं.

"बघ, मोठमोठ्या साहेबांच्याही वर छापलंय तुला."

"हळू बोला ना, लोक बघतायत," मावशी म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचे कान लाल झाले होते.

हॉल भरत आला होता. मासळी गोठवणाऱ्या कारखान्याला आणखी एक शेड बांधायची होती आणि त्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला सरकारचे वरचे साहेब आले होते. समुद्राच्या पाण्याचा अहवाल हाच आजचा मुख्य कागद. अहवाल सरांच्या संस्थेचा; त्यातले सहा वर्षांचे आकडे मात्र मावशींच्या हातचे.

मावशी एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. एकतीस वर्षं त्यांनी काचेच्या नळ्या धुतल्या, प्रयोग मांडून दिले, मुलांनी सांडलेलं पुसलं. स्वतः प्रयोग करायची पाळी एकदाही आली नाही. नळीमावशी हे नाव तेवढं पदरात पडलं. त्या निवृत्त झाल्या आणि वर्षभरातच सर किनाऱ्यावर पाणी तपासायला स्वयंसेवक शोधत आले. त्यांच्याकडे एक पेटी होती. तीत औषधाच्या तीन बाटल्या, एक ड्रॉपर, घट्ट बुचाची काचेची बाटली आणि रंगाच्या डब्याचं झाकण कापून केलेली काळी-पांढरी तबकडी.

"मोठी यंत्रं आमच्याकडे दोनच आहेत, मावशी," सर म्हणाले होते. "ती दर आठवड्याला इथं येऊ शकत नाहीत. तुम्ही येऊ शकता."

मावशी गेल्या. थंडीत, वाऱ्यात, गुडघा सुजलेला असताना, नवरा गेल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यातही. दोरीला बांधलेली तबकडी पाण्यात सोडायची आणि ती कितव्या गाठीला दिसेनाशी होते ते लिहायचं. मग बाटली बुडबुडा न राहू देता भरायची, दोन औषधांचे थेंब टाकायचे, बूच लावून हलवायची. तळाशी तपकिरी साका बसला तर पाण्यात प्राणवायू आहे. पांढरा बसला तर पाणी गुदमरलंय.

जागा तीन होत्या. धक्का आणि दीपस्तंभाखालचे खडक, या दोन्ही ठिकाणी साका कायम तपकिरी. तिसरी जागा कारखान्याच्या पाइपाजवळची उथळ खाडी. तिथे जाऊबाई आणि आणखी दहाजणी ओहोटीला शिंपले वेचायच्या. दर मंगळवारी कारखान्याच्या टाक्या धुतल्या जायच्या आणि बुधवारी तिथला साका पांढरा यायचा.

सरांना आधी ते पटेना. एका बुधवारी ते स्वतः आले, पँट दुमडून पाण्यात उतरले, स्वतःच्या हातानं बाटली भरली, स्वतःच हलवली. साका बसला तो पिठासारखा पांढरा. सरांनी बाटली उजेडात धरून दोनदा पाहिली.

"मावशी, तुमचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," ते म्हणाले. "हे मी तडीला नेणार, बघा तुम्ही."

त्या दिवशी ते मावशींच्या घरी जेवले आणि ताट उचलून स्वतः धुवायला निघाले. मावशींनी घरोघर जाऊन बायकांना सांगितलं, बुधवार-गुरुवार पाण्यात उतरू नका. त्यांनी ऐकलं. दोन महिन्यांत जाऊबाईंच्या हातांवरचं पुरळ बरं झालं.

आता हॉलमध्ये मावशींनी तक्त्याचं पान काढलं. पहिली जागा, दुसरी जागा. तिसऱ्या जागेसमोर आकडे मोजकेच, आणि बुधवारचा एकही नाही. तिथे नुसती चांदणी होती. पानाच्या तळाशी त्याच चांदणीपुढे बारीक अक्षरांत छापलं होतं : 'निरीक्षकाच्या हाताळणीतील चुकीमुळे हे आकडे वगळले आहेत.'

मावशींनी ती ओळ पुन्हा वाचली. निरीक्षक म्हणजे त्याच. दुसरं कोण होतं तिथं?

समोर सर उभे राहिले आणि पाण्याची स्थिती एकूण समाधानकारक आहे, असं त्यांनी वाचून दाखवलं. मावशी उठल्या. वही छातीशी धरली होती.

"साहेब, हे आकडे चुकीचे नव्हते. माझ्याकडे वही आहे."

"बाई, अहवालात जे आहे तेच धरता येईल," वरचे साहेब सौम्यपणे म्हणाले. "वही कशी घेणार?"

"मग मी सरांनाच विचारते." मावशी वळल्या. "सर, त्यातल्या एका बुधवारी बाटली तुमच्या हातात होती. तुम्हीच भरली, तुम्हीच हलवली. ती चूक कोणाच्या हाताची?"

सरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"मला तसं काही आठवत नाही," ते म्हणाले. "मावशींचं योगदान मोठं आहे. पण घरगुती साधनांना मर्यादा असतात."

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते मावशींना कळलं नाही. त्या खाली बसल्या.

सर व्हरांड्यात त्यांच्या मागे आले. "मावशी, जरा समजून घ्या. संस्थेला नवी प्रयोगशाळा कारखाना बांधून देतोय. तिथं पंधरा जणं कामाला लागतील. किती किनारे तपासता येतील पुढे!"

"मला विचारायचं तरी होतं."

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता?"

"नाही."

"म्हणूनच नाही विचारलं," सर म्हणाले. मग आवाज उतरवून, "नाव मात्र मी सगळ्यात वर घालायला लावलं तुमचं."

मावशींनी पुस्तिका त्यांच्या हातात ठेवली आणि त्या पायऱ्या उतरल्या.

पुढच्या बुधवारी त्या खाडीवर पोहोचल्या तेव्हा सगळ्या बायका पाण्यात होत्या. फक्त जाऊबाई काठावर होत्या, त्याही कपडे खोचत.

"आज बुधवार आहे," मावशी म्हणाल्या.

"माहीत आहे गं."

"दोन मिनिटं थांबा. बाटली भरून दाखवते, डोळ्यांनी बघा."

"काय बघू?" जाऊबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मावशींना जास्त लागलं. "छापून आलंय, तुझ्या हाताची चूक होती म्हणून. इतकी वर्षं आठवड्याचे दोन-दोन दिवस घरी बसलो आम्ही, तुझ्या एका शब्दावर. ह्या सगळ्या मलाच बोलतात, तुझी जाऊ म्हणून. मी एकटी काठावर बसून काय करू?"

"तुम्हालाही वाटतं, माझी चूक होती?"

जाऊबाईंनी टोपली उचलली. "तू मनाला लावून घेऊ नकोस," त्या म्हणाल्या आणि पाण्यात उतरल्या.

मावशींनी तरीही बाटली भरली, थेंब टाकले, बूच लावून हलवली. साका बसू दिला. वहीत तारीख घातली आणि जे दिसलं ते लिहिलं. पाण्यातून कोणी वळून पाहिलं नाही.

पाणी हळूहळू वर सरकू लागलं. बायकांनी खडकावर काढून ठेवलेल्या चपलांना लाट शिवायला लागली. एक चप्पल तरंगून थोडी पुढेही गेली. मावशींनी ती धरली. मग वाकून बाकीच्याही उचलल्या, वरच्या कोरड्या पायरीवर नेल्या आणि कोणाची कुठली ते ओळखून अकरा जोड ओळीनं लावून ठेवले.