परक्या कोंडाळ्यात

आमेन म्हणून सगळ्यांनी हात सोडले, तरी थर्मन तसाच वाकून उभा होता.

तंबू हिरव्यांचा, म्हणजे पाहुण्या कॉलेजच्या लोकांचा. जेवणाआधी ते गोल करून प्रार्थनेला उभे राहिले, तेव्हा तांबड्या टोपीतला हा उंचापुरा म्हातारा मध्ये शिरला आणि त्यांनी सरकून जागा दिली. देवापुढे टोपीचा रंग कोण बघतो? पण आता माणसं ताटं घ्यायला पांगली होती आणि थर्मन दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, मान खाली घालून, कुणीतरी काही सांगेल म्हणून थांबला होता. मग त्याने एकच टाळी वाजवली, ताठ झाला आणि मोकळ्या गवताकडे बघत राहिला.

वर्लीनने त्याच्या कोपराला हात लावला. "चल थर्मन. आपला तंबू पलीकडे आहे."

"राहू द्या ना, मॅडम," एक हिरव्या टोपीची बाई म्हणाली. "किती मनापासून प्रार्थना करत होते."

वर्लीनने त्याला वळवलं. नवरा प्रार्थना कशी करतो हे तिला ठाऊक होतं. ही ती नव्हती.

त्यांच्या तंबूत थर्मनचा जुना मित्र रॉस्को निखाऱ्यांवर बरगड्या परतत होता. स्टेडियममागच्या या मैदानात दर वर्षी याच शनिवारी तांबड्यांचे जुने चाहते जमत आणि अमेरिकन फुटबॉलची मॅच सुरू होईपर्यंत थर्मनच्या आठवणी काढत. नाव कुणी घेतच नसे. तो त्यांचा बावन्न नंबर, खेळायचा तेव्हा पाठीवर असलेला. कुणाला कसा आडवा केला, कुणाचे दात कसे गवतात सापडले. थर्मनला यातलं आता काही आठवत नव्हतं, पण खुर्चीत बसून तो गोड हसायचा. माणसांना तेवढं पुरायचं.

"पुन्हा हिरव्यांत गेला का?" रॉस्को चिमटा हलवत म्हणाला. "जुनी खोड आहे ती त्याची."

"कसली खोड?"

"घ्या. नवऱ्याची खोड बायकोला ठाऊक नाही. अगं, तू कुठे मॅचला यायचीस तेव्हा? तुझं आपलं चर्च एके चर्च." त्याने चिमटा ठेवून दिला. गोष्ट सांगायला त्याला दोन्ही हात लागत. "त्यांचा तो बैलासारखा गडी चेंडू घेऊन आला. बावन्न त्याला असा भिडला, की वरच्या पायरीवर मला आवाज आला. वाटलं, संपला. पण उठला आपला गडी. उठला आणि तडक गेला कुठे? त्यांच्या कोंडाळ्यात. ते पुढची चाल कुजबुजतायत आणि हा मध्ये, हात गुडघ्यावर टेकून, ऐकतोय. चाल ठरली की एक टाळी वाजवून पांगतात ना, तर याने त्यांच्याबरोबर टाळीसुद्धा वाजवली."

माणसं आधीच हसायला लागली होती.

"त्यांच्या कप्तानाने याचे खांदे धरले, वळवलं आणि म्हणाला, बाबा, तुझं घर तिकडे."

"आणि आपल्या कोचने?" कुणीतरी पुढचं ठाऊक असून विचारलं.

"शुद्धीवर आणायला नाकाखाली अमोनिया धरला आणि परत आत ढकलला. त्यानंतरही दोघांना लोळवलंन. आणि रविवारी चर्चच्या दारात मला विचारतो, रॉस्को, मॅच कधी आहे रे?"

हशा उसळला. थर्मनही हसला. त्याच्यावर जीव होता सगळ्यांचा.

"ही कोणती मॅच?" वर्लीनने विचारलं.

"शेवटच्या वर्षाची, घरच्या मैदानावरची शेवटची. थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार."

वर्लीनच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला.

त्या शनिवारी संध्याकाळी ती पलंगाशी गुडघे टेकून बसली होती. आईला जाऊन वर्ष झालं होतं. या घरात माझ्याशी बोलणारं कुणी दे, एवढंच तिने मागितलं, आणि दार वाजलं. दारात थर्मन. केस ओले, तळहातावर आजीची अंगठी. चर्चच्या गायकवृंदात चार शब्द बोललेला माणूस, लग्न करशील का म्हणाला. त्या दिवसापासून एक रात्र चुकली नव्हती. निजण्याआधी ती त्या दार वाजण्याचे आभार मानत आली होती.

गिरणीच्या चाळीतली घरं तेव्हा सगळी सारखी. तोच ओटा, त्याच पायऱ्या. शेजारचं घर आयडेलाचं. आणि तो सगळा हंगाम थर्मन आयडेलाबरोबर फिरत होता. पुढे तिचं दुसरीकडे लग्न झालं. मन फिरतं माणसाचं, वर्लीन स्वतःला सांगायची. देव फिरवतो.

तंबूच्या कडेला आयडेला मक्याची कणसं सोलत बसली होती. रॉस्कोच्या गोष्टीला ती एकटीच हसली नव्हती.

वर्लीन तिच्या शेजारी बसली. "एक विचारू?"

"नको विचारूस."

"त्या संध्याकाळी तू वाट बघत होतीस?"

आयडेलाने कणीस मांडीवर ठेवलं. "आई म्हणाली, आज विचारेल बघ, चांगला झगा घाल. ओट्यावरच होते मी. तो आला आणि तुझ्या पायऱ्या चढायला लागला. मी म्हटलं, चुकला येडा. येईल आता हसत."

"मग हाक का नाही मारलीस?"

"त्याने माझ्याकडे बघितलं, वर्लीन. सरळ माझ्याकडे बघितलं आणि मग तुझं दार वाजवलं." तिचा आवाज खाली गेला. "डोळ्यांत कुणी नव्हतं. मला भीतीच वाटली. मी आत जाऊन कडी लावून घेतली."

"इतकी वर्षं बोलली नाहीस."

"दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये तुझा उजळलेला चेहरा बघितला ना. काय बोलणार होते?"

आत ढोल सुरू झाले. सगळं स्टेडियम एका घशाने ओरडलं आणि तंबू रिकामा व्हायला लागला. कुणी थर्मनच्या पाठीवर थाप मारून गेला, कुणी "बावन्न" म्हणून सलाम ठोकून गेला. वर्लीनने त्याला हाताला धरून उठवलं आणि गाडीपाशी नेलं. आज मॅच नको होती.

गाडीत बसल्यावर थर्मनने टोपी काढली. परक्या बाईसमोर काढावी तशी.

"बाई, फार उपकार होतील," तो म्हणाला. "मला घरी सोडाल? ती वाट बघत असेल."

वर्लीनचे ओठ उघडले. एकच शब्द विचारायचा होता, कोण? त्याच्या डोळ्यांत या क्षणी कुणीतरी होतं, आणि ते उत्तर देणार होतं.

तिने वाकून त्याच्या सीटचा पट्टा ओढला आणि खट्‌कन लावला.

"सोडते," ती म्हणाली.

तो आभार मानून नीट बसला. टोपी गुडघ्यांवर, हात टोपीवर. दुसऱ्याच्या गाडीत बसलेला माणूस बसतो तसा, आपण कमीत कमी जागा घ्यावी म्हणून थोडा आखडून.