मला लायटिंग म्हणू नका

मी एक जुना चमकता पोशाख आहे. जुना म्हणजे फार जुना नाही. पण एवढ्या दिवसांत माणसांविषयी माझं जे मत व्हायचं ते होऊन गेलं, आणि ते चांगलं नाही. मित्रांनो, आधी एक ऐकून ठेवा. मला लायटिंग म्हणू नका. लायटिंग म्हणजे मांडवावर लुकलुकणारी माळ, तिला ना आकार ना अक्कल. माझ्या अंगावरची तार दोऱ्यासारखी वळते आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग निळी पेटते. खिशातल्या डबीत सेल घातले की डबी डासासारखी गुणगुणते आणि मी उजळतो. मला फक्त अंधार लागतो. उजेडात मी म्हणजे फिकट दोरी शिवलेले काळे कपडे.

सास्तूर गावच्या रोहिणीनं मला शिवलं. ती घरी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. तिनं मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला, तार मागवली आणि धरणाकाठच्या माकणीहून आणलेल्या मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्यानं ती लेकीच्या काळ्या टी-शर्टवर आणि पँटवर टाचली. पहिल्यांदा तिनं गुडघ्यावर तार ताणून शिवली. लेक खाली बसली, तार आतल्या आत तुटली आणि गुडघ्याखाली सगळा अंधार. मग तिनं उसवून नवी तार लावली आणि गुडघ्याला, कोपराला ढील ठेवली. चुकून शिकणारी माणसं मला चालतात. बाकीच्यांचं आता सांगतो.

रोहिणीची लेक श्रावस्ती शाळेत नाचात सगळ्यांत तयार. पण रंगानं काळी. त्यामुळं गॅदरिंगचे नाच बसवणारे शिवप्रसाद सर तिला दरवर्षी मागच्या रांगेत ढकलायचे. पुढं राजनंदिनी. तिचा ठेका चुकला तरी चालायचा, गोरी होती ना! उरलेल्या पोरींच्या तोंडाला सर एवढी पावडर फासायचे की त्या पिठाच्या डब्यात पडल्यासारख्या दिसायच्या. काय ही कलेची जाण! श्रावस्तीला ते म्हणाले, "तुला पावडर लई लागती गं. मागंच ऱ्हा."

पोरीनं घरी येऊन दप्तर फेकलं. "आई, मी आता कधीच नाचणार न्हाय."

रोहिणीनं त्याच रात्री मोबाईलवर तो तारेचा व्हिडिओ पाहिला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. "सर, तिला एकटीचा नाच द्या. लाईट बंद करून."

"अंधारात ती दिसंल का, ताई?" सर हसले. मी तेव्हा शिवलेलाही नव्हतो, तरी त्या हसण्याची गोष्ट ऐकून मला अजून शिसारी येते.

"ते तुमी बघाच."

सरांनी तिला अगदी शेवटचा नंबर दिला. गॅदरिंगच्या संध्याकाळी तिचं नाव पुकारलं, ठरल्याप्रमाणं लाईट बंद केली, पण अंधार मुद्दाम केलाय हे लोकांना सांगायची तसदी घेतली नाही. श्रावस्ती मंचावर आली, मी पेटलो, आणि सारं मैदान ओरडलं, "गेली! लाईट गेली!" रोज उठून लाईट जाणाऱ्या गावाला कुणी आपणहून अंधार करतं हे पटावं कसं? एकानं मोबाईलची बॅटरी मंचाकडं धरली. मग सगळ्यांनीच धरली, मोठे उपकार केल्याच्या थाटात. मांडववाले बलभीम तर धावत गेले, जनरेटर सुरू केला आणि छाती फुगवून उभे राहिले. फटकन हॅलोजन लागले. माझा उजेड मेला.

श्रावस्ती हात पोटाशी धरून उभी राहिली. एवढी माणसं आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश नाही!

रोहिणी खुर्चीवर चढली. "लाईट गेली न्हाय, आमी घालवलीया! जनरेटर बंद करा! मोबाईल खिशात घाला!"

"व्हय व्हय, ताई," बलभीम ओशाळले.

पुन्हा अंधार झाला. गाणं पहिल्यापासून लागलं. मग ती अशी नाचली की रोहिणीनं ठेवलेली सगळी ढील मला पुरेपूर लागली. दिसत होता तो फक्त तिचा नाच. "कुणाची पोर हाय ही?" लोक एकमेकांना विचारत होते. ती तर त्यांच्याच गल्लीत राहत होती.

पुढच्या वर्षी सर घरी आले. रोहिणीनं चहा दिला.

"ताई, तो लायटिंगचा ड्रेस पायजे. यंदा तारेचा नाच पहिल्या नंबरला घेतोय. राजनंदिनी घालील."

रोहिणी काही बोलायच्या आत दारातून श्रावस्ती म्हणाली, "सर, अंधारात गोरी पोर कशाला लागती?"

सरांनी कप खाली ठेवला, वही काढली आणि तारेचा नाच खोडून पहिल्या रांगेत तिचं नाव लिहिलं. त्या वर्षी श्रावस्ती पहिल्या रांगेत नाचली, भर उजेडात, पावडर न लावता. मी घरी पेटीत होतो. माझी गरज पडली नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाचा राग आला नाही.

मित्रांनो, माझ्यासारखा पोशाख घरी असेल तर त्याची घडी घालू नका, सैल गुंडाळून ठेवा. सेल काढून ठेवा, नाहीतर गळतात. आणि शाळेत तो पावडरचा डबा दिसला, तर उचला आणि उकिरड्यावर टाका.